पहिल्या राउंडचा प्रॉम्प्टर

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली चौदा अमेरिकेत गेली, आणि त्या चौदांतली तेरा ह्यांनी टीव्हीपुढे बसून फुटबॉल बघण्यात घालवली. पहिलं वर्ष वाचलं, कारण तेव्हा घरात टीव्ही नव्हता. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडायचा. मी कधी तक्रार केली नाही. माझ्याकडे नाटक होतं.

डॅलसच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला एक नाटक व्हायचं, आणि सलग अकरा वर्षं त्यात नायिका मीच. हे मी फुशारकीनं सांगत नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोला? फुशारकीनंच सांगते. ऑस्टिनहून, ह्यूस्टनहून लोक यायचे आणि जाताना म्हणायचे, "लताताई, तुमचे ते पॉज!"

त्या पॉजचं गुपित मात्र मंडळात दोघांनाच ठाऊक होतं. मला संवाद पाठ होत नाहीत. पहिला प्रवेश रेटून नेते, पुढचं सगळं विंगेतून येतं. विंगेत पुरुषोत्तम देवस्थळी, माझे मानलेले भाऊजी, हातात वही आणि छोटी बॅटरी घेऊन. ते एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते, आणि स्वभावानं इतके गरीब की पार्टीत आले की नाही हे त्यांच्या बायकोला विचारावं लागे. पण मी कुठे श्वास घेते, कुठे अडकते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. लोकांना आवडणारा पॉज म्हणजे भाऊजींचं वाक्य माझ्यापर्यंत पोचायला लागलेला वेळ.

अठ्ठ्याऐंशी साली मंडळ एवढं वाढलं की दोन एकांकिका करायच्या ठरल्या, आणि त्यांची स्पर्धा. एक बसवणार हे, म्हणजे आमचे दिगंबरपंत. दुसरी राजीव बसवणार. राजीव अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याहून मास्टर्स करायला आलेला आणि आता टेलिफोन कंपनीत इंजिनिअर झालेला. तोही फुटबॉलवेडा. माणसं कोणी कुठली घ्यायची यावर फोनवर इतकी भांडणं झाली की शेवटी सगळ्यांना रिचर्डसनला आमच्या घरी जेवायला बोलावलं. एप्रिलमधला रविवार होता. आणि ह्यांनी बरोबर तोच रविवार निवडला होता ज्या दिवशी टीव्हीवर ड्राफ्ट होता.

ड्राफ्ट म्हणजे काय ते मला आमच्या दीपानं सांगितलं. ती चौदा वर्षांची, जन्म इथला. कॉलेजमधून बाहेर पडणारे चांगले खेळाडू सगळ्या टीम पाळीपाळीनं उचलतात. पहिल्या राउंडला सगळ्यात मौल्यवान, मग दुसरा राउंड, तिसरा. मला ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखं वाटलं, फक्त इथे मुलांचं वजन उघडपणे विचारतात.

त्या दिवशी आमच्या टीमनं पहिल्या राउंडला सेंटर घेतला नाही आणि ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी होतो. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून हे राजीवला समजावू लागले.

"अरे, प्रत्येक डाव सुरू कोण करतो? सेंटर. बॉल आधी त्याच्या हातात. वाकून पायांमधून मागे देतो आणि त्याच क्षणी समोरून अंगावर येणारा डोंगर थोपवतो. कोण कुठून येणार ते ओळखून बाकीच्यांना सांगतो तोच. आणि त्याचं नाव कोणाला माहीत असतं? कोणाला नाही! चुकला तरच कळतं."

"काका, सेंटर इम्पॉर्टंट आहे, मान्य," राजीव पुरी तोडत म्हणाला. "पण घाई कशाला? पहिल्या राउंडला पळणारे घ्यावे, पकडणारे घ्यावे. ते नंतर उरत नाहीत. सेंटर चौथ्या राउंडलापण मिळतो, कारण मधे कोणी त्याला हातच लावत नाही. जो तसाही मिळणारच आहे, त्याच्यावर पहिला नंबर कशाला घालवायचा, यार?"

"डॅड, ही इज राइट," दीपा म्हणाली.

"तू जेव," हे म्हणाले.

मग राजीवच म्हणाला की आपल्या नटांचं पण असंच करू, टीव्हीवरच्यासारखं पाळीपाळीनं. सगळ्यांना गंमत वाटली. नाणं उडवलं, ते ह्यांच्या बाजूनं पडलं. म्हणजे पहिला नंबर आमच्या ह्यांचा. मी पदर सावरला. हो, सावरला. पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी, आपल्याला काही कल्पनाच नाही असा चेहरा करून श्रीखंडाचं पातेलं ढवळत होते.

हे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पुरुषोत्तम देवस्थळी."

आधी कोणाला कळलंच नाही. भाऊजींनी मागे वळून बघितलं, जणू त्या नावाचं आणखी कोणी दारात उभं आहे. मग जो हशा पिकला, तो शेजारच्या अमेरिकन घरापर्यंत गेला असेल. "काका, प्रॉम्प्टर? पहिल्या राउंडला प्रॉम्प्टर?" राजीवला हसून हसून ठसका लागला. तो थांबल्यावर त्यानं लगेच माझं नाव घेतलं. नाटकाच्या पहिल्या नंबरची नायिका मी, आणि माझ्या स्वतःच्या नवऱ्यानं मला दुसऱ्याच्या टीममध्ये घालवलं.

रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही. सकाळी बोलले, भरपूर. "शेवटच्या नंबराला मागितले असते तरी भाऊजी आले असते! त्यांना दुसरं कोण घेणार होतं?" हे टोस्टला लोणी लावत म्हणाले, "लता, तू नाटकातली आहेस, तुला टीम बांधणं कळायचं नाही." त्या दिवशी मी ठरवलं. भाऊजींशिवाय उभी राहून दाखवीन आणि बक्षीस ह्यांच्या नाकासमोरून नेईन. ठरवलं खरं. पण मी भाऊजींशिवाय उभी राहू शकते का, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

उन्हाळाभर मी पाठांतर केलं. भांडी घासताना, गाडी चालवताना, वॉशिंग मशीनच्या आवाजात. राजीवनं एकांकिका स्वतःच लिहिली होती. तीत मी एका कलेक्टरची आई. मुलाला त्याच्या जन्माचं रहस्य एका लांबलचक पत्रातून वाचून दाखवायचं. प्रॉम्प्टर म्हणून आमच्या वाट्याला प्रसन्न आला, आर्लिंग्टनला पीएचडी करणारा. मुलगा गुणी, पण अडचण एकच. त्याला नाटक फार आवडायचं.

स्पर्धा सप्टेंबरात, भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. ह्यांची एकांकिका आधी झाली. भाऊजींनी ती अशी सांभाळली की एकाचीही जीभ अडखळली नाही, एक अक्षर गळलं नाही. दुर्दैवानं तीच पंचाईत झाली. ती संहिता अशी होती की अर्धी गळली असती तर लोकांनी दुवा दिला असता. ह्यांनी निवडलेल्या नटांनी भाऊजींच्या भरवशावर सव्वा तास शब्दन् शब्द बोलून दाखवला. मागच्या दोन रांगा चहाला गेल्या त्या परतल्याच नाहीत.

मग आमची. पहिली वीस मिनिटं मी अशी काही रंगले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग पत्राचा प्रसंग आला. राजीव, म्हणजे कलेक्टर, म्हणाला, "आई, त्या पत्रात काय आहे?" मी पत्र उघडलं. आत वाणसामानाच्या दुकानाचं पत्रक होतं, आणि माझ्या डोक्यात त्याहून कमी होतं.

मी पॉज घेतला. विंगेत बघितलं. प्रसन्न वही छातीशी धरून, तोंड उघडं टाकून माझा अभिनय बघत होता. मी डोळे मोठे केले. त्याचे डोळे पाण्यानं भरून आले. मी रिकाम्या कपातून चहा प्यायले, पुन्हा प्यायले. अकरा वर्षांत त्या काळोखातून माझ्यासाठी काही ना काही आलं नाही असं कधी झालं नव्हतं. तिथे आता सांगणारं कोणी नव्हतं, आणि मला इतकं एकटं वाटलं की पहिल्यांदा या देशात उतरले तेव्हाही वाटलं नव्हतं.

शेवटी मी पत्र टराटरा फाडलं, "काही नाही रे बाळा, काही नाही," म्हणाले आणि एकदम शेवटच्या वाक्यावर उडी मारली. पंधरा मिनिटांचं नाटक खड्ड्यात गेलं. राजीव बिचारा का रडायचं ते न कळता रडला. पडदा पडला.

ह्यूस्टनहून आलेल्या परीक्षकांनी आमच्या एकांकिकेला पहिलं बक्षीस दिलं. "लेखकानं रहस्य न उघडण्याचं धैर्य दाखवलं," असं ते म्हणाले. मला अभिनयाचं पहिलं. राजीवनं सगळ्यांदेखत ह्यांना टोमणा मारलाच, "काका, पहिला नंबर फुकट गेला!" आणि हे आयुष्यात प्रथमच फुटबॉलवर काही बोलले नाहीत. मला खरं तर नाचायला हवं होतं. पण बक्षिसाचा कप हातात घेऊन मी भाऊजींना शोधत होते.

सगळे जेवणाच्या रांगेत गेले होते. भाऊजी रंगमंचावर एकटेच पडद्याची घडी घालत होते.

"भाऊजी," मी म्हणाले, "पुढच्या वर्षी डायरेक्टर कोणी का असेना, तुम्ही माझ्या नाटकात. आणि ह्यांच्यासारखा पहिला नंबर नाही हं घालवायचा. शेवटी मागितलं तरी तुम्ही असताच."

"नसतो, वहिनी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या रविवारी मी तेच सांगायला आलो होतो. आता पुरे, मला मोकळं करा म्हणून. वही, बॅटरी परत द्यायला बरोबर आणली होती. पण दिगंबररावांनी पहिलंच नाव माझं घेतलं. मग काय सांगणार? तशीच घरी नेली." ते हसले. "घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर तिला वाटलं मी थट्टा करतोय."

"पण सोडत का होतात?"

त्यांनी घडीची टोकं जुळवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या वर्षी आभार तुम्ही मानलेत. चांगले मानलेत. बर्फ आणणाऱ्या मोहनचं नाव होतं. हॉल झाडणाऱ्या जॅनिटरचं होतं."

मला ती यादी आठवली. आभार मी न अडखळता मानले होते, हातात कागद न घेता. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रॉम्प्टरशिवाय बोलले होते, आणि त्यात नेमका प्रॉम्प्टर राहिला होता. लाजेनं माझे कान तापले. काय बोलावं सुचेना, म्हणून सवयीनं मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. या वेळी ते काही सांगणार नव्हते.

"चुकलं हो माझं," मी म्हणाले.

"वहिनी, जरा मोठ्यानं," भाऊजी म्हणाले. "मागच्या रांगेपर्यंत जायला हवं."

ते हसत होते, पण त्यात थट्टा अर्धीच होती. मी कप त्यांच्या हातात दिला आणि खाली उतरले. मोहन माइकवर कोणाच्या तरी निळ्या टोयोटाचे दिवे चालू राहिल्याचं सांगत होता. मी त्याच्या हातून माइक घेतला.

"जेवता जेवता ऐका," मी म्हणाले. "मला संवाद पाठ होत नाहीत. कधीच झाले नाहीत. अकरा वर्षं तुम्ही ज्याला टाळ्या वाजवल्यात, ते सगळं पुरुषोत्तम देवस्थळी विंगेतून सांगत होते. आणि गेल्या वर्षी आभारात मी सगळ्यांची नावं घेतली, त्यांचं घेतलं नाही. विसरले असं म्हणाले असते तर बरं दिसलं असतं. पण मी विसरले नव्हते. ते असणारच, हे मी धरूनच चालले होते."