माझ्याविना अर्धा तास

मित्रांनो, परळच्या एका हॉस्पिटलातला मी जुना व्हेंटिलेटर. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्यांच्या छातीत मी हवा भरतो. नवा होतो तेव्हा अतिदक्षता विभागात मला पाहायला घोळका जमला होता. आता चाकं कुरकुरतात, पडद्यावर ओरखडे आहेत. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी.

माझ्या उपकारांबरोबर एक अपायही येतो. माझ्यावर फार दिवस राहिलेल्या माणसाचे श्वासाचे स्नायू दुबळे होतात आणि मग मला सोडणं त्याला जड जातं. डॉ. सीमा गमरे याच प्रश्नाच्या मागे होत्या. त्यांचे आजोबा बुधाजी गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. वरळीच्या बीडीडी चाळीत खोकत खोकतच गेले. कापसाच्या धुळीने खराब झालेल्या फुफ्फुसांना मला सोडायची घाई सोसत नाही, अशी आमच्या विभागाची समजूत. सीमा डॉक्टर म्हणायच्या, "घाई नको, कबूल. पण उशिराने काय होतं, ते कुणी तपासलंय?"

त्यांनी ते तपासायला घेतलं. काही रुग्णांचा आधार हळूहळू कमी करायचा, तर काहींना रोज सकाळी अर्धा तास माझ्याविना श्वास घेऊ द्यायचा. कुणाला कोणती पद्धत, ते संगणक ठरवी.

लालबागचे लवू परब, जुने गिरणी कामगार, न्यूमोनिया होऊन माझ्याकडे आले. त्यांची मुलगी सुचित्रा हिला डॉक्टरांनी सगळं समजावलं.

"म्हणजे तुम्ही बाबांवर प्रयोग करणार?"

"हो. खोटं नाही सांगणार," सीमा डॉक्टर म्हणाल्या. "ताप उतरल्यावरच करू, आणि मी शेजारी उभी असेन. तुम्ही नको म्हणालात, तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही."

सुचित्राने काचेतून बाबांकडे पाहिलं. मग तिने मान डोलावली.

लवूकाकांच्या वाट्याला दुसरी पद्धत आली. ते गुंगीत होते तेव्हा सुचित्रा रोज त्यांच्या उशाशी बसून घरच्या गोष्टी सांगायची. ताप उतरला, गुंगीचं औषध कमी झालं, त्यांनी डोळे उघडले. प्रिती सिस्टरने माझी नळी सोडवली आणि मी गप्प झालो. त्यांच्या घशातल्या नळीतून आता फक्त ऑक्सिजन जात होता. सुरुवातीला छाती संथ हलत होती. मग खांदे उचलले जाऊ लागले, मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम फुटला.

"मॅडम, श्वास फार वाढलाय."

"थोडं थांब..." सीमा डॉक्टरांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "नाही, जोड. लगेच जोड."

मी पुन्हा सुरू झालो, पण लवूकाका माझ्याशी झगडत होते. मी हवा लोटत होतो, ते खोकून परतवत होते. माझा भोंगा वाजत राहिला आणि काचेपलीकडे सुचित्रा तोंडावर पदर धरून उभी होती. हळूहळू आमचा मेळ बसला.

"या फुफ्फुसांना नाही झेपायचं. यांना अभ्यासातून काढ," विभागप्रमुख म्हणाले.

"काढते सर, गरज असेल तर. पण आधी का झालं ते बघू दे."

त्यांनी स्वतः छातीची सोनोग्राफी केली. फुफ्फुसांत पाणी साचलं होतं. दोष एकट्या धुळीचा नव्हता. पाणी उतरण्याचं औषध सुरू झालं.

"आता परत नको, डॉक्टर," सुचित्रा म्हणाली.

"ठीक आहे. पण ते जागे आहेत. त्यांनाच विचारूया का?" सीमा डॉक्टर वाकल्या. "काका, पाणी उतरलं की परत बघायचं? हो असेल तर माझा हात दाबा."

त्यांनी तो असा दाबला, की डॉक्टरांची बोटं पांढरी पडली. सुचित्रा ओल्या डोळ्यांनी म्हणाली, "घरीपण हे कुणाचं ऐकत नाहीत."

पाणी उतरल्यावर पुन्हा मला सोडवलं. छाती वर, छाती खाली. मला वाटत होतं, आत्ता हाक येईल. अर्धा तास सरला, हाक आली नाही. घशातली नळी काढली, लवूकाका जीव खाऊन खोकले आणि मग एकदम निपचित झाले. प्रितीने मास्क उचलला.

"चाय गावात काय?" ते घोगऱ्या आवाजात मालवणीत म्हणाले. त्यांना चहा हवा होता.

सुचित्रा रडता रडता हसली. थोड्या वेळाने त्यांनी तिला जवळ बोलावलं. "तू माझ्या उशाशी बोलत होतंस, ता सगळा माका ऐकाक येय होता."

अभ्यास पुढे चालला. रोज अर्धा तास माझ्याविना श्वास घेणारे कित्येक जण माझ्यावरून लवकर उतरले; काहींना परत जोडावं लागलं, दोघे-तिघे घरी गेलेच नाहीत. सीमा डॉक्टरांनी निष्कर्षात तेही लिहिलं.

आता नवी यंत्रं आली आहेत. मी जिन्याखाली चादर पांघरून उभा असतो, कधी गरज पडली तर म्हणून. मित्रांनो, माझी जाळी पुसा, बॅटरी तपासत जा. आणि तुमचं माणूस कधी माझ्यासारख्याला जोडलेलं दिसलं, तर नुसतं माझ्या पडद्याकडे बघत राहू नका. त्याचा हात धरा, नाव घेऊन हाक मारा, घरी काय चाललंय ते सांगा. त्याला उत्तर देता येत नाही, एवढंच.