पिवळी जर्सी जवळ्यात

म्हसळ्याच्या अलीकडे हर्षदला लघवी लागली आणि साठच्या साठ सायकली थांबल्या.

सायकलच्या शर्यतीत असंच असतं. नियमांची छापील वही सव्वीस पानांची, ती कुणी उघडून बघत नाही. पण जे कुठेच छापलेलं नाही, ते मोडायची कुणाची छाती होत नाही. पिवळी जर्सी अंगात असलेला, म्हणजे शर्यतीत सगळ्यात पुढे असलेला माणूस, आडोशाला गेला की बाकीच्यांनी थांबायचं. तो पडला की थांबायचं. त्याची चेन उतरली तरी थांबायचं. दोन वर्षांपूर्वी पियूष नावाच्या एकाने उतरलेल्या चेनचा फायदा घेऊन मुसंडी मारली आणि जिंकला. त्यानंतर त्याला कुणी पाण्याचा घोट दिला नाही, वाऱ्याच्या आड घेतलं नाही, टायर बसला तर सांगितलंसुद्धा नाही. आता तो पनवेलला मोबाईलची कव्हरं विकतो, आणि म्हणतात की तिथेही शेजारचे गाळेवाले त्याला चहाला बोलवत नाहीत.

तर साठ जण करवंदीच्या जाळीकडे तोंड करून रांगेत उभे होते आणि हुझैफाने मुद्दाम हर्षदच्या शेजारची जागा पकडली होती.

"भाऊ, पुढे आमचं खारशेत लागतं."

"बरं मग?" हर्षद सांगलीचा. आवाज कमी, मांड्या जास्त.

"अम्मीला भेटायचं होतं. दोन मिनिटं पुढे जातो, भेटतो, तुम्ही आलात की घोळक्यात परत."

हाही तसलाच एक नियम. कुणाचं गाव वाटेत आलं तर त्याला पुढे सोडायचं. त्याने घरच्यांना मिठ्या मारायच्या, फोटो काढायचे आणि गुमान थांबायचं.

"आणि तिथून सटकलास तर?"

"तर पनवेलला पियूषच्या शेजारी गाळा घेईन."

हर्षद हसला आणि नाडी बांधत म्हणाला, "जा. पण शब्द म्हणजे शब्द."

शब्द हुझैफाने दिला खरा, पण सकाळी माणगावला हेमाली मॅडमनी वेगळंच ऐकवलं होतं. त्या त्याच्या टीमच्या मॅनेजर. हुझैफाचं टीममधलं काम म्हणजे मागच्या गाडीतून पाण्याच्या आठ बाटल्या जर्सीत कोंबून पुढच्यांना पोचवायच्या आणि मग बावन्नावा यायचं. ते काम तो चोख करायचा.

"पाणी वाहणारे मला ढिगाने मिळतात," मॅडम चहा फुंकत म्हणाल्या होत्या. "आज दिघीला पहिल्या दहात आलास तर पुढच्या वर्षीची सही. नाहीतर तुझ्या मामाचं कुवेत आहेच."

कुवेतला सायकल चालवायची सोय नाही, हे हुझैफाला मामाकडून कळलेलं होतं.

खारशेतच्या वळणावर तो पोचला तेव्हा तो घोळक्याच्या चांगला दोन मिनिटं पुढे होता. वळणावर वेणूबाई टोपली घेऊन उभी होती. एरवी इथल्या डांबरावर तिचा जवळा वाळत असतो, बारीक कोलंबीचा गुलाबी गालिचा. शर्यतवाल्यांनी सकाळी येऊन तिला सांगितलं होतं, सायकली जाईपर्यंत रस्ता मोकळा ठेवा, गेल्या की परत पसरा. वेणूबाईने तीन दिवसांचा जवळा शिव्या देत उचलला होता.

"ए हुझैफा, लवकर जा रे," ती ओरडली. "ऊन चाललंय."

पुढे मंडप होता. हुझैफाला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. मग त्यावर स्वतःचा फोटो दिसला. मंडपवाल्याचा माईक अब्दुस्समद मामूच्या हातात होता, आणि माईक हातात आला की मामूला सोडवत नाही.

"आला रे आला. खारशेतचा शेर आला. बाकीचे कुत्र्यासारखे मागं ऱ्हायले."

हुझैफाने ब्रेक लावला. अम्मी, शहरबानू, पुढे आली, त्याचा घामेजलेला चेहरा दोन्ही हातांत धरला, रडली, ओढणीने त्याचं नाक पुसलं. फोटो झाले. मग ती एकदम थांबली.

"तू उतरलास कशाला? जा की. पहिला हायस तू."

"अम्मी, थांबायचंय. ते सगळे येऊ देत."

माईक चालू होता, त्यामुळे हे सगळ्या गावाने ऐकलं.

"येऊ देत म्हणजे?" मामू माईकमध्येच म्हणाला. "बोट पुढं गेलीय आणि तू नांगर टाकतोस?"

"मामू, शब्द दिलाय. नियम हाय तसा."

"कुठं लिवलाय?"

"लिवलेला न्हाय."

"मग?" मामूने गावाकडे बघितलं. "मी अठरा वर्षं कुवेतला काढली. तिथं लिवलेलं पण कोण पाळीत न्हवतं. हा न लिवलेलं पाळतोय."

लोक हसले. मामूने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "चौदा किलोमीटर. दिघीपर्यंत. मधी एक चढाव. तू लहानपणी डोक्यावर बर्फाची लादी घेऊन चढायचास तो."

हुझैफाने मोबाईलकडे बघितलं. चौदा किलोमीटर. दोन मिनिटं हातात. पहिल्या दहात काय, पहिलाच येईल. मॅडमची सही, पुढचं वर्ष, कदाचित बाटल्यासुद्धा दुसरं कुणीतरी आणेल. त्याचा एक पाय आपोआप पेडलवर गेला. तेवढ्यात मागून चार जणांनी सायकल ढकलायला घेतली आणि तो घाबरून दोन्ही पाय टेकवून उभा राहिला.

"सोडा," तो म्हणाला. "मला परत त्या सायकलवाल्यांना तोंड दाखवायचंय."

"आणि आमाला न्हाय?" मामू म्हणाला.

इतक्यात वळणावरून एक आवाज आला. धडाम वगैरे नाही. ओल्या गोणपाटावरून खूप जण एकदम घसरल्यावर येईल तसा, लांबलचक.

झालं होतं असं, की वेणूबाईला वाटलं, सायकल गेली. म्हणजे शर्यत झाली. एवढा रस्ता अडवून एकच सायकल कशाला, असा विचार तिच्या मनात आला, पण सरकारी कामं अशीच असतात म्हणून तिने तो सोडून दिला. आणि दोन मिनिटांत तिने अख्ख्या डांबरावर जवळा परत पसरला.

हुझैफा धावत पोचला. हर्षद रस्त्याच्या मधोमध जवळ्यात बसला होता. पिवळी जर्सी गुलाबी झाली होती. त्याच्यामागे अठ्ठावन्न जण कुणी पालथे, कुणी उताणे, कुणी दुसऱ्याच्या चाकात हात घालून. लागलं कुणाला नव्हतं, अर्धा वाळलेला जवळा मऊ असतो. पण प्रत्येक चेनमध्ये, प्रत्येक दातेरी चाकात तो गच्च बसला होता. पेडल मारलं की करकर वाजून थांबायचं.

वेणूबाई हर्षदच्या केसांतला जवळा वेचून टोपलीत टाकत होती. "हलू नको रे," ती म्हणाली. "मानेत पण हाय."

"शब्द पाळलास," हर्षद हुझैफाला म्हणाला.

"भाऊ, लागलं का?"

"नाही. पण मी आता आंघोळ कुठे करू?"

"आता तरी पळ," लांबून माईक बोलला. पण पिवळी जर्सी पडली होती, आणि ती उठेपर्यंत साठांतला एकही जण एक फूट पुढे जाणार नव्हता. सगळे कपडे झटकत उभे राहिले. गावातून दात घासायचे ब्रश मागवले गेले आणि चेन साफ करणं सुरू झालं.

इथे शहरबानूने परिस्थिती हातात घेतली. मुलगा येणार म्हणून तिने दोन डेग मटण आणि सांदणांचे ढीग करून ठेवले होते. सांदण म्हणजे तांदळाचं, नारळाचं, वाफवलेलं, मऊ लुसलुशीत. एक खाल्लं की दुसरं मागावं लागत नाही, ते ताटात आलेलंच असतं.

"पाव्हणे दारात पडलेत," ती म्हणाली, "आणि कोणी पाट मांडीना?"

"काकू, शर्यत चालू आहे," हर्षद म्हणाला.

"असू दे चालू. तू दोन घास खा."

"खरंच नको."

"माझ्या दारातून कोणी उपाशी गेला न्हाय. पोस्टमन पण न्हाय." तिने हर्षदची सायकल उचलली, घरात नेली आणि कडी लावली.

आता खरा गुंता झाला. खारशेतच्या नियमाने जेवल्याशिवाय हर्षद जाणार नव्हता. सायकलवाल्यांच्या नियमाने हर्षदशिवाय कुणी जाणार नव्हतं. आणि परत खारशेतच्याच नियमाने सगळ्यांच्या ताटात वाढल्याशिवाय हर्षदला पहिला घास घेता येणार नव्हता. मागच्या गाडीतून शर्यतीचे दोन पंच उतरले. त्यांनी सव्वीस पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बहुतेक जगात पहिल्यांदाच. पाण्याबद्दल होतं, केळ्याबद्दल होतं. पंगतीबद्दल काही नव्हतं.

"तुम्ही पण बसा," शहरबानू म्हणाली. पंच बसले.

एकसष्ट पानं पडली. मामू माईकवरून सांगत होता, "तिसऱ्या रांगेत रस्सा. निळ्या जर्सीला सांदण." वेणूबाई पण वाढायला लागली, तिच्या जवळ्याचं नुकसान तिने पाहुण्यांच्या पोटात भरून काढायचं ठरवलं होतं. हुझैफा एका हातात तांब्या आणि एका हातात रश्श्याची बादली घेऊन रांगेतून फिरत होता. घरचा माणूस शेवटी जेवतो, त्यामुळे त्याला पान मांडलेलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. इतके सगळे चांगले सायकलवाले एकत्र सुटणार, चौदा किलोमीटर, आणि आपण बावन्नावे.

"हर्षदभाऊ, बस झालं ना?"

"मी कधीच बस म्हणालोय," हर्षद हळू आवाजात म्हणाला. "त्या ऐकत नाहीत. हे सातवं आहे."

पाऊण तासाने कडी निघाली. साठ सायकली सुटल्या. सुटल्या म्हणजे हलल्या. हुझैफाने नेहमीसारखं सगळ्यात मागे राहून पेडल मारायला सुरुवात केली आणि दोन किलोमीटरवर त्याच्या लक्षात आलं, की तो सगळ्यात पुढे आहे. त्याने काहीच केलं नव्हतं. त्याने मागे बघितलं. मोठमोठे सायकलवाले पोट सांभाळत, ढेकर देत, बैलगाडीच्या वेगाने येत होते. तो थांबला. ते आले. तो परत निघाला, परत पुढे गेला, परत थांबला.

चढावाच्या पायथ्याशी हर्षद त्याच्या शेजारी आला. चेहरा हिरवा झाला होता.

"काय करतोयस?"

"थांबतोय, भाऊ."

"कशासाठी? मी पडलोय का?"

"नाही."

"चेन उतरलीय? लघवीला थांबलोय?"

"नाही."

"मग? मी फक्त जड झालोय. जड होण्याला नियम नाही." त्याने एक खोल ढेकर दिला. "तू जा बाबा. ही शर्यत आहे."

हुझैफाने बाकीच्यांकडे बघितलं. एकाने मान हलवली, एकाने हाताने जा जा केलं, एकाने तोंड उघडायची हिंमत केली नाही. मग तो उभा राहून पेडल मारत चढाव चढला, आणि पलीकडे खाडी दिसली.

दिघीच्या धक्क्यावर हेमाली मॅडम एक तास उभ्या होत्या. आगरदांड्याला जाणाऱ्या जंगलजेटीतली, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीतली, माणसंसुद्धा कंटाळून निघून गेली होती. रिकाम्या रस्त्यावरून एकटा हुझैफा आला, रेषा ओलांडली आणि सवयीने विचारलं, "मॅडम, कुणाला पाणी हवंय?"

"बाकीचे कुठेत?"

"येतायत. सावकाश."

"अपघात झाला?"

"झाला. पण त्याने उशीर नाही झाला. जेवणाने झाला."

मॅडमनी त्याचा वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकल्या. बाकीचे नऊ मिनिटांनी आले. पंचांनी विचारलं, कुणाची काही तक्रार आहे का. कुणी हात वर केला नाही. हात वर केला की रश्श्याचा वास यायचा, आणि तो पंचांच्या हातालाही येत होता. मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पगाराचा आकडा हुझैफाने दोनदा वाचला, मग स्वतःची सही केली.

तेवढ्यात फोन वाजला.

"अम्मी, पहिला आलो. पुढच्या वर्षीची सही पण झाली."

"चांगलं झालं. त्या हर्षदचं काय? पोचला का? सातावर उठला, लाजला बिचारा."

हुझैफाने बघितलं. हर्षद रेषेच्या पलीकडे, सायकल छातीशी धरून, रस्त्यावर आडवा झाला होता.

"पोचला."

"आणि तू खाल्लंस का?"

"न्हाय अजून."

"मग ये. डेगीत हाय."

हेमाली मॅडम ऐकत होत्या. त्यांनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. "खारशेत इथून किती?" त्यांनी विचारलं.

"चौदा किलोमीटर."

मॅडमनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली आणि हुझैफाला आत बसायला. "सायकल टपावर टाक," त्या म्हणाल्या. "आणि खिडक्या सगळ्या उघड्या ठेव."