लेकीच्या वाटची चकती

आमच्या कामात एक मेख आहे. अंतराळवीरांना घेऊन पळणाऱ्या सुटकेच्या इंजिनांत धातूची पातळ चकती असते. अलीकडे प्रचंड दाबाचा वायू, पलीकडे इंधन. खालच्या रॉकेटचं काही बिनसलं की झडप उघडते, चकती फुटते आणि वायू इंधनाला इंजिनात रेटतो. पंप नाही. पंप वेग घेईपर्यंत थांबायला तेव्हा सवड कुणाला असते? पण चकती तपासायची म्हणजे फोडायची, आणि फुटलेली बसवता येत नाही. म्हणून एकाच पत्र्यातून कापलेल्यांपैकी काही फोडून बघायच्या आणि उरलेल्यांच्या भरवशावर माणसं पाठवायची.

त्या खेपेला माझी लेक जाणार होती.

चाचणीतली शेवटची चकती फुटली, पण किंचित उशिरा.

"मर्यादेत आहे," साहेब म्हणाले.

होतीच की! आकडे मलाही वाचता येतात. पण बाकीच्या झटक्यात फुटल्या, मग हिलाच काय धाड भरली होती? एक इंजिन मागे राहिलं तर यान कलंडतं. माझं डोकंच फिरलं. मी अख्खा पत्रा बाद केला. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण माझ्या सहीशिवाय त्यांचं काही चालत नव्हतं.

उड्डाण लांबलं. तोवर मोहीम बदलली आणि लेकीच्या जागी दुसरी तुकडी ठरली. तिच्या वयाला पुन्हा संधी मिळणं कठीण. तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. घरात ताटं वाढली जायची, उचलली जायची, बस्स. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

उड्डाणाच्या दिवशी मात्र ती नियंत्रण कक्षात माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. यान सुखरूप वर पोचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

"सुटकेची इंजिनं लागलीच नाहीत," ती म्हणाली. "माझ्या वेळीही लागली नसती."

"कदाचित नसती लागली."

"आई, दुसऱ्या कुणाची पोर असती तर पत्रा बाद केला असतास?"

'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं ठरलं असतं.

"मला तू हवी होतीस गं," मी म्हणाले.

ती पडद्याकडेच बघत राहिली.

"मग तसं म्हणायचंस ना," ती हळूच म्हणाली. "चकतीला कशाला नावं ठेवलीस?"