आईंच्या लॅपटॉपवर दिसत नाही

माझ्या सासूबाई शाळेतून रिटायर झाल्या आणि त्यांनी नाटक लिहिलं. तिथवर ठीक होतं. पण ते त्यांना हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात करायचं होतं, आणि मंडळाचे अध्यक्ष चिंतामणराव यांना त्या जागी अंताक्षरी हवी होती, कारण अंताक्षरीत त्यांची बायको गाते.

"आजकालच्या पोरांना मराठी नाटक समजतं कुठे, शशिकलाजी?" ते म्हणाले. "मागे पडद्यावर हिंदीत संवाद दिसले तो ठीक. रविवारी सकाळी हॉलवर करून दाखवा. नाही दिसले, तो फिर अंताक्षरी पक्की."

आई घरी आल्या, चहाही न घेता बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. घरात सॉफ्टवेअरवाली मीच. नवरा स्वानंद बँकेत आहे. कॉम्प्युटरबद्दल त्याला फक्त मतं आहेत.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रवेश सुरू झाला की आईंनी बटण दाबायचं. मग माझा प्रोग्राम व्हिडिओ प्लेअरला हाक मारणार आणि हाक मारतानाच सूचना देणार: अमुक फाइल लाव, पडदाभर लाव, आणि लॅपटॉपवर नको, प्रोजेक्टरवर. अशा सूचनांना आमच्यात फ्लॅग म्हणतात. भाजीला पाठवताना आई सांगतात ना, "भेंडी आण, कोवळी आण, आणि त्या कोपऱ्यावरच्याकडून नको", तसंच.

माझ्या लॅपटॉपवर बटण दाबलं की संवाद झक्क दिसायचे. आईंच्या लॅपटॉपवर काही म्हणजे काही नाही. चूक कुठे झाली, तेही सांगेना. माझा लॅपटॉप वापरा म्हटलं, तर आई ऐकायला तयार नाहीत. नाटक ज्याच्यावर लिहिलं त्याच्यावरच होणार. हा लॅपटॉप शुभ आहे म्हणे.

शनिवारी मी त्या शुभ वस्तूपुढे हात टेकले. फाइलचा पूर्ण पत्ता दिला, पत्त्याला अवतरणचिन्हं लावली, फ्लॅगांचा क्रम बदलला. लॅपटॉप बंद करून चालू केला, चहा टाकून आले, बटण दाबलं. ढिम्म. स्वानंद शेवेची पुडी घेऊन मागे उभा होता.

"वायरस असेल," तो म्हणाला.

"तूच असशील."

आई मात्र अगदी निश्चिंत होत्या. "होईल गं. आपल्या बाजूने सगळं नीट चालू आहे," म्हणाल्या. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

रविवारी हॉलवर निघालो, तर आईंनी गाडीत लॅपटॉप उघडाच मांडीवर घेतला. "झाकण लावा की," मी म्हटलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. देव पाण्यात ठेवून बसलेल्या बाईशी कोण वाद घालणार?

चिंतामणराव पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी बायको, आत्तापासूनच गुणगुणत. आईंनी बटण दाबलं. पडदा कोरा. पुन्हा दाबलं. कोराच.

"तो फिर?" चिंतामणरावांनी घड्याळ पाहिलं.

आईंचा चेहरा असा पडला की मला रडू यायला लागलं, आणि चिंतामणरावांसमोर रडायचं या कल्पनेनेच संताप आला.

"अपन स्पीकर तर लावून बघू," स्वानंद म्हणाला. "कम से कम आवाज तरी चेक होईल." त्याने वायर खोचली आणि स्पीकर पार टोकापर्यंत वाढवला.

हॉलमध्ये कुठूनतरी पेटी वाजायला लागली. मग झांजा. मग अगदी बारीक आवाजात नांदी. चिंतामणराव सवयीने हात जोडून उभे राहिले आणि मग गोंधळले. "ये कौन गा रहा है?"

आम्ही सगळ्यांनी आईंकडे पाहिलं. आई छताकडे पाहत होत्या.

मी स्क्रीनवरच्या घड्याळाशेजारचा कोपरा उघडला. प्लेअर तिथे दडवून ठेवला होता. आवाज तळाला नेलेला, नांदी गोल गोल फिरत असलेली, आणि तिच्या मागे रांगेत माझे सगळे प्रवेश उभे. आईंच्या लॅपटॉपवर हा प्लेअर एका वेळी एकदाच उघडायचा. आधीच उघडा असला की नवी फाइल निमूट रांगेत लावायचा आणि माझे फ्लॅग कचऱ्यात टाकायचा. नांदी संपणार नव्हती, म्हणून कुणाचीच पाळी येत नव्हती.

"आई, ही कधीपासून चालू आहे?"

"पहिल्या तालमीपासून. तू मशीन बंद केलंस की परत लावते. चहा टाकायला जातेस ना, तेव्हा."

"पण का?"

"नाटक होईस्तोवर नांदी थांबवायची नसते. मागच्या नाटकाच्या वेळी कुणीतरी मधेच थांबवली, तर हॉलच गेला ऑर्केस्ट्राला." चिंतामणराव आपले बूट बघायला लागले.

"मला सांगायचं तरी!"

"तू हसली असतीस."

हसले असतेच.

"बंद कर," आई हळूच म्हणाल्या. "नाटकच नाही, तर नांदी काय करायची." आणि दिसू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

मी फुलीवर बाण नेला. सगळे देवळात गेले की चपला राखायला बाहेर थांबणारी बाई मी. पण बोट काही दाबेना. मागे अध्यक्षीणबाई घसा साफ करत होत्या. मी बाण मागे घेतला, माझा प्रोग्राम उघडला आणि प्लेअरला एक फ्लॅग वाढवून दिला: आधीचा चालू असू दे, तू नवा उघड.

"दाबा, आई."

पडद्यावर हिंदी अक्षरं उमटली, भिंतभर. पहिल्याच संवादात एका मंडळाच्या अध्यक्षाची टोपी उडवली होती. चिंतामणराव खो खो हसले, मग एकदम थांबले. पण शब्द दिला होता. "दिसतंय," ते म्हणाले. "करा नाटक."

परतताना आई मागे बसल्या होत्या, मांडीवर उघडा लॅपटॉप, त्यात नांदी चालूच, आणि डोळ्यांत पाणी.

"इतकी माथापच्ची कशाला केली?" स्वानंद गाडी चालवत म्हणाला. "नांदी बंद केली असती तो एका क्लिकमध्ये झालं असतं. तू तर मानतच नाहीस हे सगळं."

"नाही मानत."

"मग?"

"बॅटरी लाल झालीये," मी म्हणाले. "गप्प बस आणि गाडी पळव."