पिंग आणि ‘आलोच’

माझं टेलरिंगचं दुकान दुपारी दोन ते तीन बंद असतं. गिऱ्हाइकांना वाटतं, मास्तर जेवून आडवे झालेत. मास्तर त्या वेळी दुसऱ्या शहरातल्या धाकट्या बहिणीबरोबर कॉम्प्युटरवर गेम खेळत असतात. चिमी नर्स आहे. लग्न करून गेल्यापासून आमचं भावाबहिणीचं बोलणं काय ते या तासाभरात. गेममध्ये ती लढते आणि औषधाची पेटी माझ्याकडे असते. ती जखमी होऊन पडली की मी धावत जाऊन तिला उठवायचं. मी पोचेपर्यंत ती बहुतेक वेळा मेलेली असते.

“नेट स्लो आहे गं,” मी म्हणायचो.

तरी तिच्या एकटीच्या जोरावर आम्ही स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलो. तेव्हा तिने सुनावलं, “दादा, रविवारच्या आत नेट नीट करून घे. नाहीतर मी आमच्या लॅबवाल्याला जोडीला घेते. त्याचा पिंग बारा आहे.”

लॅबवाल्याचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं, पण त्या क्षणापासून तो माझ्या डोक्यात गेला. आमचा तास त्याला मिळाला तर चिमीचा फोन वर्षातून एकदा, वाढदिवसाला येणार.

नेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “पिंग म्हणजे इथून गेलेला निरोप परत यायला लागणारा वेळ. तुमचा एकशे ऐंशी आहे.”

“म्हणजे किती इंच?”

तो राउटर शोधायला लागला. राउटर सुटाच्या ताग्यांमागे, लोखंडी कपाटाला चिकटून सापडला. “वायफाय राहू द्या, थेट वायर लावू,” तो म्हणाला. वायरचं माप मीच घेतलं. जितकी लांब तितका उशीर, असं समजून अगदी अंगाबरोबर बेतली. कॉम्प्युटर जरा पुढे ओढला आणि वायर निघून हातात आली.

“मास्तर, दहा-वीस फुटांनी काही बिघडत नाही,” नेटवाला म्हणाला. “थोडी माया ठेवायची ना.” तीस वर्षं कापडात माया ठेवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

पिंग चौदावर आला. शुक्रवारी खेळायला बसलो. चिमी पडली. “दादा, ये!”

“आलोच,” मी म्हणालो. ती मेली. मग आणखी दोनदा मेली.

“दादा,” ती शांतपणे म्हणाली, “आता तुझं ‘आलोच’ लगेच ऐकू येतं. तूच येत नाहीस.”

गिऱ्हाइकाला ‘झालंच’ म्हणतो तेव्हा त्याचं कापड अजून पिशवीतच असतं. ‘आलोच’ त्यातलंच. एकदा म्हटलं की काम झाल्यासारखं वाटतं, मग हातपाय कशाला हलतायत. इतके महिने मी नेटच्या नावावर बिल फाडत होतो, याची लाज वाटली.

“रविवारचा पहिला डाव तुझ्याबरोबर,” चिमी म्हणाली. “त्यात अशीच मेले तर दुसऱ्याला लॅबवाला.”

रविवारी पाचव्या मिनिटाला ती पडली. “दादा, ये!”

दातांत टाचण्या धरल्यासारखं मी तोंड मिटलं आणि धावलो. तिच्या कानात नुसती शांतता. चिमीचा आवाज रडवेला झाला.

“दादा? ऐकू येतंय ना? नेट गेलं का रे तुझं?”

मी तिच्या शेजारी उभा राहून पेटी उघडत होतो.