खोपीतले पाच दगड

पाळकानं भर उपासनेत नको म्हटल्यावर बाईमाणसानं गप बसावं का न्हाई? पण गप बसेल ती कडूबाई कसली. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या मडमेनं तिचं नाव मार्था ठेवलं होतं. त्या नावाला तिनं तीस वर्षांत एकदाही ओ दिली नाही.

साल त्र्याहत्तर. आदल्या वर्षीच्या दुष्काळात पिंगळीच्या शिवारात कडब्याचं ताट दिसलं नव्हतं. येळवस कुणाचीच झाली नाही. कडूबाईनं तो दिवस दुष्काळी कामावर खडी फोडण्यात घालवला. यंदा मात्र ज्वारी डोक्याएवढी झाली होती, हरभरा घाट्याला आला होता, आणि येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, नेमकी नाताळाच्या आदल्या दिवशी आली होती. रानात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पिकाला आंबील शिंपडायची आणि येईल त्याला शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी वाढायची, हा येळवसीचा सण. खोपीवर आलेल्याला 'तू कोण, कुणाचा' असं विचारायचं नाही, हा तिच्या सासऱ्याचा, किशनरावाचा दंडक होता.

पाळक शलमोन भालेराव नगरकडचे, तिशीतले. माणूस सरळ, पण अंगात नव्या नोकरीचा जोर. आधीच्या रविवारी सगळ्यांदेखत म्हणाले, "कडूबाई, तुम्ही रानात खोप करून दगड पुजता असं ऐकलं. हे आपल्यात चालत नाही. यंदा केलंत तर नाताळाला तुम्हाला प्रभुभोजन देता येणार नाही."

खोप बांधायला कडूबाईला तिच्या नवऱ्यानं, दत्तरावानं शिकवलं होतं. आणि आठ वर्षांपूर्वी मरताना त्याच्या ओठाला शेवटचा लागला, तो येशूच्या आठवणीत भाकरीबरोबर देतात तो प्रभुभोजनाचा पेला. एक धरायचं म्हणजे दुसऱ्यातला दत्तराव सोडायचा. ती घरी येऊन पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि कडब्याच्या पेंढ्या मोजून ठेवल्या.

येळवसीच्या दिवशी, सोमवारी दुपारी, खोपीवरची माणसं जेवून पांगल्यावर, पाळक सायकल ढकलत बांधावरून आले. मागं सुरूची हिरवीगार फांदी बांधलेली. चेहऱ्यावरूनच कळत होतं की गडी खोप मोडायच्या तयारीनं आलाय. कडूबाईनं तांब्या भरून पुढं केला.

"उन्हातून आलाव. आधी आंबील घ्या, मग काय ते बोला."

तहानेच्या भरात पाळक सगळा तांब्या प्यायले. मग मिशी पुसत वाकून खोपीत बघितलं. "हे पाच पांडव ना?"

"पांडव माझ्या सासऱ्यानं बाप्तिस्मा घेतला तवाच उठवले. ही मरिया, ह्यो योसेफ, मधी बाळ. हे दोघं मेंढपाळ. बाळाला बघायला राजे तिघं आले होते म्हनं, पर दगड पाचच मांडायची रीत हाय. त्येंना जागा न्हाई."

पाळकांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "नाव बदललं म्हणून दगड बदलतो का, कडूबाई?"

कडूबाईनं सायकलीकडं बोट केलं. "त्ये काय आनलाव?"

"नाताळाचं झाड. देवळात उभं करायचंय."

"बायबलात कुठं हाय त्ये?"

आता दुसरा कुणी असता तर त्यानं उडवून लावलं असतं. पण भालेरावांना खोटं बोलता येत नव्हतं. ते बांधावर टेकले.

"कुठंच नाही. बर्फाच्या मुलखातले लोक ऐन थंडीत दारात हिरवी फांदी लावायचे. येशूचं नाव त्यांच्या कानावरही गेलं नव्हतं तेव्हापासून."

"आनि पंचवीस तारीख?"

"तीही बायबलात नाही. रोममध्ये त्या सुमाराला सूर्याचा सण असायचा म्हणतात. पुनरुत्थानाच्या सणाला साहेबलोक ईस्टर म्हणतात ना, ते नावसुद्धा जुन्या कुठल्या वसंताच्या देवीचं असावं, असं आमचे गुरुजी सांगायचे."

"मग येशू कळल्यावर त्येंनी ह्ये सगळं टाकून दिलं का?"

"नाही. येशूला वाहिलं."

"आमीबी त्येच केलं की," कडूबाई म्हणाली. "त्येंचा सूर्य चालतो, मग माझा कडबा का चालंना?"

पाळकांनी उठून फांदीची सैल दोरी आवळली. मग सायकल घेऊन निघून गेले; खोपीचं काय ते ठरलंच नाही. कडूबाईनं स्वतःलाच चार शिव्या घातल्या. जिभेला हाड नसलं की असं होतं. पण खोप तिनं मोडली नाही.

नाताळाच्या सकाळी स्टेशनामागचं पत्र्याचं देऊळ भरून गेलं होतं. कडूबाई शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसली. पेला आपल्याला टाळून गेला की निमूट उठून जायचं, असं तिनं ठरवलं होतं. समोर सुरूची फांदी रंगीत कागद लेवून उभी होती.

पाळक उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी फांदीची, सूर्याची, जुन्या सणाची सगळी हकिकत लोकांना सांगितली. काही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. "हे मला आधीपासून ठाऊक होतं," पाळक म्हणाले. "तरी मी माझ्या फांदीला मोकळीक दिली आणि दुसऱ्याच्या खोपीला शिक्षा. चूक माझी."

मग ते भाकर घेऊन खाली उतरले, आणि पहिल्या रांगेकडं न वळता थेट दाराशी आले.

"मी खोप केली, पाळकसाहेब," ती हळूच म्हणाली. "अजून तशीच हाय."

"काल मी ती मोडायला आलो होतो. ते कळूनसुद्धा तुम्ही काही न विचारता मला आंबील दिलीत." त्यांनी भाकरीचा तुकडा पुढं धरला. "मीही आज काही विचारत नाही. घ्या."

कडूबाईनं दोन्ही हात पुढं केले. नखांत अजून चुना होता. तिनं भाकर खाल्ली, पेल्याला ओठ लावले, आणि दत्तरावाची अशी आठवण आली की तिला रडू आवरेना. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "राजे तिघं राहिलेत. पुढल्या येळवसीला तेवढे दगड तुमी घेऊन या."