चार बांध्यांची मॉरिस

धुरपतानं बोडीच्या तळ्याखालच्या आपल्या वाट्याच्या चार बांध्या भावाला सोडून दिल्या आणि बदल्यात मेलेल्या बापाची मॉरिस मोटार मागितली, तेव्हा सगळ्या आंबागडनं तिला खुळ्यात काढलं. अहो, पिकती धानाची शेतं! आणि घेतलं काय, तर सात वर्षं तणसाच्या ढिगामागं पडलेलं पत्र्याचं धूड. भाऊ भैय्यालाल तर सही घेताना हसला होता. "नाही चालली तं भंगारवाल्याले दे, बाई. पण मंग बांध्या मांगू नोको."

गाडी कशाला हवी, हे सांगायची तिला लाज वाटायची. गावात पोरींच्या हाती कोणी सायकल देत नव्हतं, तेव्हा बापानं तिला तलावाच्या पाळीवर ह्या मॉरिसचं स्टेअरिंग धरू दिलं होतं. माय, जनाबाई, तिथंच उभी राहून बोटं मोडत होती. सहीच्या दिवशीही माय भिंतीला टेकून बसली, पण तोंडातून हूं की चूं नाही. ते धुरपताला फार लागलं होतं.

दोन बैलजोड्यांनी गाडी ओढत तुमसरला धुरपताच्या आंगणात आणली. लेकीचा संसार पाहायला म्हणून माय सोबत आली आणि ओसरीवर बसली. धुरपताचा नवरा तेजराम राईस मिलच्या इंजिनावर कामाला. त्यानं बेत सरळ आखला. आधी इंजिन फिरतं का ते पाहू. फिरलं, तर ब्रेक, वायरिंग, पत्रा, सगळं हळूहळू घरीच करू. नाही फिरलं, तर... खेळच खलास. असलं इंजिन आता कुठं मिळत नव्हतं.

त्यानं प्लग काढले, आत घासलेट ओतलं, मुरू दिलं आणि सकाळी इंजिन फिरवायचं हँडल पुढून घातलं. हँडल तसूभर हललं नाही. पुन्हा घासलेट, पुन्हा हँडल, अन् पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर तेजराम हँडलवर लोंबकळला, तेव्हा शेजारच्या बेबीबाईनं भिंतीवरून डोकं काढलं. "काहून वं धुरपता, बांधी नांगरून राहिला का तेजराम?"

धुरपता कसनुसं हसली. घरात येऊन ताटावर बसली, पण घास उतरेना. आपण काय करून बसलो, हेच डोक्यात फिरत होतं. आज बेबीबाई हसली, उद्या भैय्यालालला कळेल, अन् नवरा बिचारा काही बोलत नाही, हे तर त्याहून वाईट.

"आतून गंजली," तेजराम हात पुसत म्हणाला. "पिस्टन जाम झाले असतीन. गेली समज."

"थांबा ना जरा," असं म्हणून ती उठली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. आंगणात जाऊन तार वाकवून तिनं प्लगच्या भोकात घातली आणि खरवडली. तारेला गंज आला नाही. पिवळट, चिवट काहीतरी आलं. तिनं नाकाशी नेलं अन् दचकलीच. हा वास माहेरच्या दारांचा! दर दसऱ्याला माय दारांना जवसाचं तेल लावायची, आणि ते वाळून कातड्यासारखं टणक व्हायचं.

ती ओसरीवर आली. "माय, गाडीत जवसाचं तेल कोनं टाकलं?"

"मीच टाकत होती," जनाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "दर दसऱ्याले. गड्याकडून प्लग खोलून घेओ अन् टाको. दाराले लावलं तं दार सडत नाही, मंग गाडी काहून सडन?"

तेजरामनं कपाळावर हात मारला. "मामीजी, तुमी तं इंजिनाले डिंक पाजला!" मग एकदम थबकला. त्यानं तार घेऊन आणखी खोल खरवडली, टॉर्च लावून आत पाहिलं. आतलं लोखंड चकचकीत होतं. "अवं, गंज नाही! तेलाखाली गंज जाईन कसा?" आणि वाळलेलं तेल सोडवायला तो तसाच मिलच्या रंगाऱ्याकडं थिनर आणायला पळाला.

पण धुरपताचा राग उफाळून आला होता. "पाळीवर तं बोटं मोडत होती तू! मंग सात वर्षं कायले केलं हे?"

जनाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "जमीन भाऊच ठेवून घेईन, हे मले माहीत होतं. मी बोलून काय झालं असतं? म्हनलं, पोरीले निदान गाडी तं राहो."

धुरपता मायजवळ टेकली अन् तिचं सूप आपल्या पुढ्यात ओढलं. निवडता निवडता डोळे भरून आले.

थिनर मुरेपर्यंत घरात कोणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी तेजरामनं हँडल लावलं, तशी धुरपता म्हणाली, "सरका. मी फिरवतो." तिनं पाय रोवले आणि सगळा भार टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. आत कट्‌ असा आवाज झाला, हँडल पाव घेर उतरलं, मग अर्धा, अन् धुरपता तोल जाऊन बंपरवरच बसली.

"फिरलं!" तेजराम ओरडला.

ओसरीवरून जनाबाईनं काळजीनं विचारलं, "पोरी, आता दसऱ्याले कोनतं तेल टाकू वं?"